खवट, वशट, करपट : आमची वाटचाल

२०११च्या मे महिन्यात माझा मामेभाऊ सांगोल्याहून रात्रीच्या एसटीनं निघाला आणि सकाळी परळला आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात पाच लिटरचा पांढरा कॅन होता. झाकण चिंधीनं घट्ट बांधलेलं. चहा व्हायच्या आधीच तो म्हणाला, "ताई, तू साबणाच्या कारखान्यात तपासणीला आहेस ना? याचं काही होतंय का बघ."

कॅनमध्ये इमूचं तेल होतं. त्या वर्षांत महाराष्ट्र, आंध्र, तमिळनाडूत इमूपालनाचं मोठं वारं होतं. पिल्लांची जोडी विकत घ्या, वाढवा, पक्षी आम्हीच परत घेऊ, असं सांगणाऱ्या योजना गावोगाव फिरत होत्या. दुष्काळी भागातल्या माणसाला ते पटणं साहजिक होतं. भावानंही कर्ज काढून पक्षी घेतले. ज्यांनी परत घेण्याचा शब्द दिला होता त्यांनी फोन उचलणं बंद केलं. पक्षी मात्र रोज खात होते. पुढे २०१२ मध्ये तमिळनाडूतला अशा योजनांचा डोलारा कोसळला तेव्हा ते पेपरात आलं. आमच्या घरात ती बातमी आधीच पोचली होती.

मी वाटीभर तेल काढलं आणि गॅसवर जरा कोमट केलं. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "गो, ह्येका वशट वास येता. आणि करपलेला पण हा." त्या मालवणच्या. मासळी ताजी की कालची हे टोपलीला हात न लावता सांगणाऱ्या. मी कारखान्यात १४ वर्षं तेलं, चरब्या तपासत होते, पण त्या दोन शब्दांत त्यांनी जे सांगितलं ते माझ्या अहवालात कधी आलं नव्हतं. आमच्या धंद्याची सुरुवात मी त्या वाक्यापासून धरते.

वाईट वासासाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि तेलाच्या बाबतीत प्रत्येक शब्दामागे वेगळं कारण आहे. वशट वास म्हणजे चरबीला मांसाचे, रक्ताचे कण चिकटून राहिले, किंवा पक्षी कापल्यावर चरबी थंड करायला उशीर झाला. करपट वास म्हणजे कढवताना आच जास्त लागली. लोणी कढवताना बेरी बदामी झाली की गॅस बंद करायचा, दोन मिनिटं जास्त गेली की अख्खं तूप हातचं जातं, हे घराघरांत माहीत आहे. चरबीचंही अगदी तसंच. भावानं चुलीवर, मोठ्या पातेल्यात, बुडाला लागेपर्यंत कढवली होती. तिसरा वास खवट, जुन्या खोबऱ्याचा असतो तसा. तो नंतर येतो. हवा, उजेड आणि उष्णता यांनी तेलातली असंतृप्त आम्लं हळूहळू बिघडतात, आधी पेरॉक्साइडं तयार होतात आणि ती तुटली की नाकाला कळतं. आधीचे दोन वास तेल बनवणाऱ्याच्या हातचे, तिसरा विकणाऱ्याच्या आणि साठवणाऱ्याच्या हातचा.

माटुंग्याच्या आयसीटीत, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, तेलांचा विषय घेऊन शिकलेली माझी एक मैत्रीण आहे. तिच्याकडे नमुना नेला. तिनं समजावलं की चरबी आधी नीट साफ हवी, मंद आचेवर कढवायला हवी, मग गाळणं, मोकळी आम्लं (चरबी बिघडताना सुटी होतात ती) काढणं, मुलतानी मातीच्या जातीतल्या मातीतून रंग आणि मळ काढणं, आणि शेवटी व्हॅक्यूममध्ये वाफ सोडून वासाचे कण उडवणं. या शेवटच्या पायरीला डिओडरायझेशन म्हणतात. "पण एक लक्षात ठेव," ती म्हणाली, "वाईट चरबीतून बिनवासाचं तेल निघतं, चांगलं तेल निघत नाही." तेव्हा मला ते नीट कळलं नाही. ते कळायला दोन वर्षं आणि तीनशे बाटल्या लागल्या.

तेल मात्र मनात भरलं होतं. इमू हा मूळ ऑस्ट्रेलियाचा पक्षी, शहामृगाच्या खालोखाल उंच, तिथल्या राजचिन्हावरही आहे. तिथले मूळ रहिवासी त्याची चरबी पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लावत आले. या पक्ष्याची एक गोष्ट मला फार आवडते. अंडी मादी घालते, पण उबवायला नर बसतो. साधारण आठ आठवडे तो जवळपास काही खात-पीत नाही आणि पाठीवर साठवलेल्या चरबीवर तग धरतो. तेल येतं ते याच चरबीतून. त्यात ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ओलेइक आम्ल असतं, पामिटिक २० च्या आसपास, शिवाय थोडं स्टिअरिक आणि लिनोलेइक. पक्ष्याला काय खायला घातलं त्यावर हे आकडे बदलतात. ओलेइक आणि पामिटिक आपल्या त्वचेच्या नैसर्गिक तेलकटपणातही असतात. हे तेल हातावर चोळलं की पसरतं, थोड्या वेळानं तेलकटपणा कमी जाणवतो आणि कातडी मऊ राहते. मुंबईत हे महत्त्वाचं आहे. घामट हवेत जड तेल चिकचिकतं, त्यावर लोकलची धूळ बसते, आणि ८.१२च्या गर्दीत आपल्या अंगाला चरबीचा वास येतोय ही कल्पनासुद्धा कुणा बाईला सहन होणार नाही.

२०१२ मध्ये मी नोकरी सोडली. यजमानांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. स्वतःचा परवाना मिळेपर्यंत एका परवानाधारक कारखान्यात, लोन लायसन्सवर (दुसऱ्याच्या कारखान्यात माल करून घ्यायच्या परवान्यावर), बाटल्या भरून घेतल्या. ३० मिलीची पारदर्शक प्लास्टिकची बाटली, सोनेरी झाकण. मस्जिद बंदरहून आणली होती आणि दिसायला खरंच सुंदर होती.

२०१३च्या दिवाळीला दादरच्या प्रदर्शनात आम्ही तीनशे बाटल्या विकल्या. त्या लॉटचं तेल मी एका नव्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं, भाव कमी होता, आणि वास? अजिबात नव्हता. नाक लावून लावून पाहिलं होतं. जानेवारीत गिरगावातल्या एक निवृत्त बाई घरी आल्या. आवाज न चढवता त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि विचारलं, "हे खवट झालंय. मी लावू का?" अर्धी संपलेली बाटली होती. मी झाकण उघडलं आणि तो जुन्या खोबऱ्याचा वास समोर आला. आमच्याकडे ठेवलेल्या नमुन्याच्या बाटल्या उघडल्या. सगळ्या तशाच.

मैत्रिणीचं वाक्य तेव्हा कळलं. जुनी, बिघडायला लागलेली चरबी जोरात डिओडराइज केली होती. वास गेला, त्याबरोबर तेलाला जपणारे नैसर्गिक घटकही गेले, आणि बिघाड आत तसाच राहिला. ई जीवनसत्त्व परत घातलेलं नव्हतं. वर पारदर्शक बाटली आणि स्टॉलवरचे हॅलोजनचे दिवे. पावतीपुस्तकावरून आम्ही एकेकाला फोन केले आणि पैसे परत केले. तीन महिने तेच काम चाललं होतं. त्या गिरगावच्या बाईंनी पैसे घेतले नाहीत. "पुढचं चांगलं झालं की एक बाटली पाठवा," म्हणाल्या.

याच काळात मोहम्मद अली रोडवरच्या एका अत्तरवाल्या चाचांनी मनापासून सुचवलं होतं, थोडा मोगरा घाला, कुणाला कळणार नाही. आम्ही दोनशे मिलीवर करून पाहिलं. पहिल्या आठवड्यात छान. तिसऱ्या आठवड्यात मोगऱ्याच्या खालून खवट वर यायला लागलं आणि दोन्ही मिळून जे झालं ते मूळ वासापेक्षा वाईट होतं. शिवाय ज्यांची कातडी नाजूक म्हणून ते आमच्याकडे येतात, त्यांच्यातल्या कित्येकांना सुगंधी द्रव्यंच सोसत नाहीत. तेव्हापासून आमच्या कुठल्याही बाटलीत सुगंध नाही. तेलाला वास येत असेल तर तो आम्हाला कळला पाहिजे, झाकला जाता कामा नये.

आता तेल निवडतो ते असं. कॅन आला की त्याच दिवशी वास घ्यायचा नाही. नमुना एका बाटलीत भरून कोमट जागी, ४० अंशांना, दोन आठवडे ठेवायचा आणि दुसरा भाग थंड, अंधाऱ्या जागी. मग दोन्ही तळहातावर चोळायचे, कारण गार तेल बऱ्याच गोष्टी लपवतं आणि अंगाच्या उबेनं त्या वर येतात. पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेलात पेरॉक्साइडं किती झाली तो आकडा, दोन्हीची काढायची. आकडा वाढताना दिसला तर नाकाला काही कळलेलं नसलं तरी कॅन परत. दुसऱ्या स्वस्त तेलाची भेसळ नाही ना, हे पाहायला बाहेरच्या प्रयोगशाळेतून फॅटी ॲसिडचा आलेख, म्हणजे कुठलं आम्ल किती आहे ते, काढून घेतो. बाटली गडद तपकिरी काचेची, गळ्यापर्यंत भरलेली, आणि घरात नेल्यावर बाथरूमच्या खिडकीत न ठेवण्याची सूचना वर लिहिलेली.

थंडीत तेल ढगाळ होतं, खाली रवाळ थर बसतो. पहिल्या वर्षी लोक घाबरून परत आणत. खोबरेल थिजतं तसंच हे, बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, असं सांगितलं की एका वाक्यात कळतं.

घाटकोपरच्या एका प्रदर्शनातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एक गुजराती ताई स्टॉलवर आल्या. मी सवयीनं मनगटावर दोन थेंब घातले. त्यांनी चोळलं, हुंगलं, खूश झाल्या. "कुछ भी स्मेल नहीं है, किसका तेल है?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या जैन होत्या. काही न बोलता त्या नळाकडे गेल्या, बराच वेळ हात धुतले आणि परत येऊन एवढंच म्हणाल्या, "पहले बोलना था ना, बहन."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तेलाला वास असता तर त्यांना आधीच शंका आली असती. आम्ही मेहनतीनं वास काढला आणि त्यांच्या हातात पक्ष्याची चरबी नकळत दिली. वास नसलेलं तेल स्वतःबद्दल काही सांगत नाही, तेव्हा ते सांगणं विकणाऱ्यावर येतं. दुसऱ्या दिवसापासून स्टॉलवर पहिली पाटी हीच लागली: 'हे इमू पक्ष्याच्या चरबीचं तेल आहे.' बाटलीवर पुढच्या बाजूला तपकिरी ठिपका आणि मराठी, हिंदी, गुजरातीत तेच वाक्य. विक्री कमी झाली, हे खरं आहे. पण पाटी वाचून थांबलेलं गिऱ्हाईक परत येतं, असा माझा अनुभव आहे. पक्षी मारल्याशिवाय हे तेल मिळत नाही, हेही विचारणाऱ्याला सांगते. तो मांसासाठी, कातड्यासाठी आणि या तेलासाठीही पाळला जातो. ज्यांना हे चालत नाही त्यांना मी बदामाचं किंवा तिळाचं तेल सुचवते, जरी ते आम्ही विकत नाही.

तसंच रोगांचं. सांधेदुखी, सोरायसिस, केसगळती, सगळ्यावर इमूचं तेल चालतं असं सांगणारे पुष्कळ आहेत. माणसांवर झालेले मोठे अभ्यास थोडे आहेत आणि आमचा परवाना सौंदर्यप्रसाधनाचा आहे, औषधाचा नाही. कोरडी कातडी, भेगाळलेल्या टाचा, एसीत बसून ओढल्यासारखे होणारे हात, यांना ते मऊ ठेवतं, एवढंच आम्ही सांगतो. आंघोळीनंतर ओलसर अंगावर दोन-तीन थेंब पुरतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. एका आईनं लहान मुलाचा लाल, पाणी सुटलेला इसब दाखवून तेल मागितलं तेव्हा मी बाटली दिली नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

भावानं २०१३ मध्ये पक्षी बंद केले, आता त्याची डाळिंबाची बाग आहे. आमचं तेल आयातदाराकडून येतं. २०१६ मध्ये चारकोपला भाड्याचा गाळा घेतला, स्वतःचा परवाना आला. पाच बायका कामाला आहेत.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोविड झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण वास गेला. चहा, फोडणी, उदबत्ती, काही नाही. सासूबाई तोवर गेल्या होत्या. गाळ्यात नवा कॅन आलेला आणि मी तळहात नाकाशी धरून उभी, समोर नुसती हवा. दहा वर्षं माझ्या नाकावर चाललेला धंदा आणि तेच नाक बंद, ही भीती मी अजून विसरले नाही. दोन महिन्यांनी वास परतायला लागला तोही उलटासुलटा, कॉफीला जळका वास यायचा.

तेव्हा मी गाळ्यातल्या तिघींना बोलावलं. एक डहाणूची, एक लालबागची, एक रत्नागिरीजवळची. त्यांना सासूबाईंचे दोन शब्द आणि तिसरा 'खवट' असे तीन शब्द दिले. प्रत्येकीनं वेगळं बसून तेल चोळायचं, एकमेकींशी बोलायचं नाही आणि चिठ्ठीवर लिहायचं. पहिल्याच कॅनला दोघींनी 'काही नाही' लिहिलं, डहाणूच्या ताईनं 'थोडं वशट'. मोकळ्या आम्लांचा आकडा काढला तर आमच्या मर्यादेच्या वर होता.

माझं नाक आता बरं आहे, पण पद्धत बदललेली नाही. मी चौथी चिठ्ठी टाकते, सगळ्यांत शेवटी. दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या वीस लिटरच्या कॅनवर तीन चिठ्ठ्या कोऱ्या होत्या आणि लालबागच्या ताईंच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'करपट, किंचित.' चार वेळा चोळूनही मला तो लागला नाही. कॅन सील करून दारापाशी ठेवला आहे. टेम्पो उद्या सकाळी येऊन परत घेऊन जाईल.