वळणावर ऑईल जाते कुठे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे इंजिन दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप आहे. सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकची बेअरिंगे बदलणे, व्हॉल्व्हच्या सीट काढणे ही आमची रोजची कामे. त्यामुळे जवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुले शर्यतीच्या गो-कार्टसाठी, म्हणजे जमिनीलगत धावणाऱ्या छोट्या उघड्या गाडीसाठी, इंजिन निवडायला माझ्याकडे आली, तेव्हा हे काम तासाभरात उरकेल असे मला वाटले. प्रत्यक्षात त्या एका निवडीसाठी दोन महिने गेले आणि त्यातला एक दिवस मला अजूनही तासातासाने आठवतो.

त्यांच्या स्पर्धेचा नियम साधा होता. इंजिन चार स्ट्रोकचे, म्हणजे पिस्टनच्या चार हालचालींत एकदा पेट्रोल जाळणारे, हवे आणि ते १५० सीसीच्या आत हवे. मुलांनी जुन्या गाड्यांच्या बाजारातून दोन इंजिने उचलून आणली होती. एक १४९ सीसीचे, चौदा हॉर्सपॉवरचे, तरुण पोरे हौसेने घेतात त्या गाडीचे. दुसरे १२५ सीसीचे, साडेदहा हॉर्सपॉवरचे, रोज कामावर जाण्यायेण्याच्या गाडीचे. मी दोन्हींचे कॉम्प्रेशन तपासले आणि दोन्ही चांगली निघाली. संघाची कप्तान एक मुलगी होती. ती म्हणाली, "काका, साडेतीन हॉर्सपॉवरचा फरक आहे. यात विचार काय करायचा?" मलाही विचार करण्यासारखे काही दिसले नाही. मोठे इंजिन घ्या, असे मीच सांगितले.

आमची सगळी बुद्धी त्यानंतर खर्च झाली ती चेनच्या हिशेबात. मोटारसायकलचे मागचे चाक टायरसकट साधारण ६० सेंटीमीटर व्यासाचे असते, तर कार्टचे जेमतेम २८ सेंटीमीटरचे. चाक निम्म्याहून लहान झाले की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी निम्म्याहून कमी अंतर कापते, म्हणून मोटारसायकलचे मागचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे दातेरी चाक, कार्टला जसेच्या तसे लावले, तर इंजिन जीव तोडून ओरडत राहील आणि कार्ट सायकलपेक्षा थोडी बरी धावेल. ताशी ८० किलोमीटरसाठी कार्टच्या अ‍ॅक्सलला (मागच्या चाकांच्या दांड्याला) मिनिटाला सुमारे १,५०० फेरे घ्यावे लागतात. इंजिन साडेसात हजार फेऱ्यांवर असताना हे साधायचे, तर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पाच फेऱ्यांमागे अ‍ॅक्सलचा एक फेरा पडला पाहिजे. मुलांनी हे गणित फळ्यावर मांडले, २४ दातांचे स्प्रॉकेट पलीकडच्या गल्लीतून कापून घेतले आणि इंजिन ड्रायव्हरच्या सीटमागे बसवले. काम देखणे झाले होते, यात शंका नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही कोल्हापूरजवळचा एक ट्रॅक चार तासांसाठी भाड्याने घेतला. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालवायचा ट्रॅक आहे, म्हणजे उजवी वळणे जास्त, आणि त्यात सरळ पट्ट्याच्या शेवटी एक लांबलचक उजवे वळण आहे, जे संपता संपत नाही. पहिले सहा फेरे छान गेले. मुले स्टॉपवॉच बघून ओरडत होती. मी कठड्याला टेकून उभा होतो आणि सवयीने आवाज ऐकत होतो.

आठव्या फेऱ्याला त्या लांब वळणाच्या शेवटी इंजिनाचा सूर बदलला. आधी नुसती एक कोरडी टकटक आली आणि सरळ पट्ट्यावर ती गेली. पुढच्या फेऱ्यात त्याच जागी पुन्हा आली, या वेळी जास्त वेळ टिकली. पेट्रोल कमी पडले की इंजिन अडखळते, ठिणगी चुकली की फटके मारते. हा आवाज त्यातला नव्हता. लोखंडावर लोखंड घासण्याचा हा आवाज मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. मी हातातला फडका हलवत ट्रॅकच्या कडेला धावलो, पण गाडी थांबेपर्यंत आणखी एक फेरा झाला.

ट्रॅकवरच्या गॅरेजच्या शेडमध्येच हेडचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्याचे, झाकण काढले. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या दोन्ही उंचवट्यांवर निळसर झाक आली होती आणि त्यांना टेकणाऱ्या रॉकरचा पृष्ठभाग नखाला ओरखडे जाणवतील इतका खरवडला गेला होता. ऑईल काढले. मापाला ते पूर्ण भरले, एक थेंबही कमी नव्हते. पांढऱ्या सुती कापडावर थोडे ओतून मी ते उन्हात धरले, तेव्हा त्यात चंदेरी चकाकी दिसली. ती धातूची भुकटी होती. इंजिनात ऑईल होते आणि तरीही इंजिन ऑईलवाचून जळत होते, ही गोष्ट मुलांच्या गळी उतरेना. खरे सांगायचे तर मलाही क्षणभर उलगडा होईना.

उलगडा झाला तो दुपारी, वर्कशॉपमध्ये खालचे केसिंग उघडल्यावर. या इंजिनाचे पोट, म्हणजे ऑईल साठते तो तळ, रुंद आणि उथळ होते, आणि ऑईल खेचणारी जाळी त्याच्या उजव्या कोपऱ्यात होती. मोटारसायकलमध्ये याने काहीच बिघडत नाही, कारण मोटारसायकल वळताना स्वतः आत कलते. तिच्याबरोबर इंजिनही कलते आणि ऑईलला लागणारा एकूण जोर पोटाच्या तळाकडेच राहतो, त्यामुळे जाळी नेहमी बुडालेली असते. कार्ट कलत नाही. ती जमिनीला चिकटून वळते आणि सारे ऑईल बाहेरच्या बाजूला चढते. उजव्या वळणावर बाहेरची बाजू म्हणजे डावी. जाळी उजवीकडे उघडी पडते, पंप हवा खेचतो, आणि ऑईलच्या वाटेवर सर्वांत शेवटी असलेले हेड आधी कोरडे पडते.

हे नुसते सांगून भागणार नव्हते. कप्तान मुलीला मी त्या वळणाची त्रिज्या विचारली. तिने पावलांनी मोजून ठेवली होती, सुमारे १२ मीटर. वळणातला वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर बाजूचा जोर जवळपास गुरुत्वाकर्षणाइतकाच येतो, आणि दोन जोर सारखे झाले की द्रवाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी तिरका होतो. मी केसिंगचा खालचा अर्धा भाग बाकावर ठेवला, मापाने ऑईल भरले आणि लाकडी ठोकळा लावून तो डावीकडे ४५ अंशांत कलवला. ऑईल शांतपणे डाव्या भिंतीवर चढले आणि जाळी कोरडी ठक्क उघडी पडली. मुले गप्प झाली. त्यांच्यातला एक जण बराच वेळ ठोकळा काढून पुन्हा लावून बघत होता.

मग आम्ही दुसऱ्या, साडेदहा हॉर्सपॉवरच्या इंजिनाचे केसिंग उघडून तसेच ठेवले. त्याचे पोट अरुंद आणि खोल होते, जाळी जवळजवळ मधोमध होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना ओतकामातच आलेल्या उभ्या फासळ्या होत्या. त्याच कोनात कलवल्यावर जाळीवर बोटभर ऑईल शिल्लक राहिले. निवड त्या बाकावर झाली. पहिल्या दिवशी मी मुलांना दोन्ही इंजिनांची पोटे उघडायला लावली असती, तर त्यांचा एक कॅम आणि तीन आठवडे वाचले असते. तो सल्ला माझा होता, म्हणून त्या हेडच्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

शर्यतीच्या खऱ्या कार्टला हा त्रास का होत नाही, असे मुलांनी विचारले आणि तो प्रश्न मला फार आवडला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी १९५६ मध्ये पहिली कार्ट बांधली, तेव्हा तिला वेस्ट बेंड कंपनीचे गवत कापण्याच्या यंत्राचे अडीच हॉर्सपॉवरचे इंजिन लावले होते, आणि ते दोन स्ट्रोकचे होते. आज जगभर चालणारे ऑस्ट्रियाचे रोटॅक्स मॅक्स किंवा इटलीचे आयामे एक्स-३० ही १२५ सीसीची, तीस हॉर्सपॉवरच्या आसपासची इंजिनेही दोन स्ट्रोकचीच. त्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि पेट्रोलच्या वाफेबरोबर बेअरिंगांपर्यंत पोहोचते. तिथे ऑईलचे तळे नाही, त्यामुळे ते एका बाजूला चढण्याचा प्रश्नही नाही. चार स्ट्रोकचे इंजिन निवडणाऱ्याला मात्र हे तळे सांभाळावे लागते. भाड्याच्या कार्टमध्ये बसणारी होंडाची जीएक्स मालिकेतली इंजिनेही याला अपवाद नाहीत. ऑईल कमी झाले की इंजिन आपोआप बंद करणारा त्यांतला सेन्सर कार्टवाले बरेचदा काढून टाकतात, कारण ऑईल पूर्ण असूनही तो वळणात ते कमी समजतो आणि इंजिन बंद करतो.

लहान इंजिन बसवताना आणखी दोन गोष्टी केल्या. जाळीभोवती दीड मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याची चौकट स्क्रूने बसवली आणि तिला तळाशी छिद्रे ठेवली, म्हणजे ऑईल आत सहज येईल पण झटक्यात बाहेर जाणार नाही. ऑईल जास्त भरण्याचा मोह टाळला, कारण पातळी वाढली की क्रँक त्यात घुसळते, फेस होतो, आणि फेस खेचणारा पंप हवा खेचणाऱ्या पंपाइतकाच निकामी असतो. शिवाय मोटारसायकलवर समोरच्या वाऱ्याने गार होणाऱ्या फिन (इंजिनावरच्या पातळ पट्ट्या) इथे ड्रायव्हरच्या पाठीआड दडल्या होत्या, म्हणून सीटच्या बाजूने वारा आत वळवणारा पत्रा लावला.

मार्चमध्ये पुन्हा त्याच ट्रॅकवर गेलो. सरळ पट्ट्यावर ही कार्ट आधीच्यापेक्षा मंद होती, हे स्टॉपवॉचशिवायही कळत होते. मी या वेळी लांब वळणाच्या शेवटी, टायरच्या भिंतीमागे जाऊन उभा राहिलो. पंचवीस फेरे झाले. प्रत्येक फेऱ्याला कार्ट त्या वळणात शिरली की माझा श्वास अडकायचा, आणि प्रत्येक वेळी इंजिन एकाच सुरात वळण पार करून जायचे.

इंजिन गार झाल्यावर ड्रेन बोल्ट मी उघडला नाही, कप्तान मुलीला उघडायला लावला. तिने पांढरे कापड पसरले, त्यावर थोडे ऑईल ओतले आणि शेडच्या बाहेर जाऊन ते उन्हात धरले. कापड तिने दोनदा फिरवून पाहिले, मग माझ्याकडे दिले. ऑईल काळपट झाले होते, पण चकाकी कुठेच नव्हती.