अकिलीस टेंडनचं ऑपरेशन आणि 'पूर्ण विश्रांती' : माझा अनुभव

डिस्चार्जच्या कागदावर 'पुढील सूचना' या रकान्यात दोनच शब्द होते : पूर्ण विश्रांती. किती आठवडे, कशापासून, त्यानंतर काय, याबद्दल अक्षर नाही. तो कागद आठवला की आजही डोकं तापतं.

टाचेमागचा अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर, तुटला, ऑपरेशन झालं, प्लास्टर बसलं आणि निघालं. त्यात तक्रारीला जागा नाही. घोडं अडलं ते प्लास्टरनंतर घालायचा आधाराचा बूट मिळाल्यावर. फिजिओ विभाग म्हणे, पायावर किती भार टाकायचा हे सर्जननी लिहून दिल्याशिवाय व्यायाम सुरू करणार नाही. सर्जनच्या खिडकीवरचं उत्तर ठरलेलं : पुढच्या तारखेला विचारा. ती तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. दुखणं थांबलं होतं, सूज उतरली होती, घरचे म्हणत होते 'आता बरी झालीस की'. आणि पोटरी रोज बारीक होत होती.

त्या चिडीतच मी वाचायला बसले. टेंडन तुटल्यावर आधी रक्ताची गुठळी होते. त्यातल्या प्लेटलेट्स वाढीचे घटक सोडतात, पांढऱ्या पेशी येतात, मॅक्रोफेज नावाच्या पेशी मोडतोड साफ करतात. हे काही दिवसांचं काम. मग टेंडनमधल्या आणि भोवतालच्या आवरणातल्या पेशी वाढतात आणि घाईघाईनं जोड भरतात, पण त्यात टाईप ३ कोलॅजेन (धाग्यांचं प्रथिन) जास्त असतं : बारीक, अस्ताव्यस्त धाग्यांचं. साधारण सहा आठवड्यांनंतर त्याची जागा मजबूत टाईप १ कोलॅजेन घेऊ लागतं, धागे ओढीच्या दिशेनं लागतात. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं, आणि तरीही टेंडन हुबेहूब पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे दुखणं थांबतं तेव्हा आतलं मुख्य काम जेमतेम सुरू झालेलं असतं.

माझा राग खरा पुढच्या गोष्टीवर आहे. धागे कुठल्या दिशेनं लावायचे हे पेशींना ओढीवरून कळतं. पेशीच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन नावाची प्रथिनं ती ओढ आत पोचवतात. ओढच मिळाली नाही, तर कोलॅजेन तोडणारी एन्झाइम्स वाढतात आणि धागे विस्कळीत राहतात. उलट फार लवकर जोरात ताणलं, तर जोड लांबतो. लांबलेल्या टेंडनवर पोटरीनं कितीही जोर लावला, तरी टाच पुरेशी उचलली जात नाही. म्हणून दर टप्प्याला मोजून भार हवा, आणि त्याचं माप रुग्णाच्या हातात लिहून द्यायला हवं. 'पूर्ण विश्रांती' हे माप नव्हे.

तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच तीन गोष्टी लेखी मागा : भार कधीपासून, किती आणि परवानगी कोण देणार. कागद हातात पडेपर्यंत जागचे हलू नका.

हे सगळं इतकं सावकाश का, याचं उत्तर मला २०१३ च्या एका डॅनिश संशोधनात मिळालं. १९५५ ते १९६३ च्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचा टेंडनमध्ये माग काढून संशोधकांनी दाखवलं की अकिलीस टेंडनचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळजवळ नव्यानं बनतच नाही. पेशी थोड्या, रक्तपुरवठा कमी. हे वाचल्यावर स्वतःच्या पायावरचा राग तरी गेला.

शेवटी भार किती टाकायचा याचं सर्जनचं पत्र मिळालं. आधी बसून टाच उचलणं, मग दोन्ही पायांवर उभं राहून, आणि खूप उशिरा फक्त त्या पायाच्या चवड्यावर. ते जमलं त्या दिवशी मी फिजिओच्या खोलीत मोठ्यानं ओरडले आणि मला त्याचा अभिमान आहे.

आधी सांगायचं राहिलं : सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक्सनी टेंडनला इजा होऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी डॉक्टरांकडे गेलात, तरी टेंडनबद्दल आधी सांगा. धूम्रपानानं जखम भरणं मंदावतं. पोटरी हातानं जोरात ताणू नका. आणि जोडाच्या जागी जाडसर गाठ लागली तर लगेच घाबरू नका, ती बहुतेकदा राहतेच. अचानक 'कट्' झालं किंवा टाच उचलेनाशी झाली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.