चालत होतं की ओ, मग बदललं कशाला?

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांशी मुक्त सॉफ्टवेअरवर गप्पा निघाल्या की शेवटी हा प्रश्न येतोच, आणि आता तुम्हीही विचारलात: "सर, तुमचा प्रोग्राम चालत होता की ओ. मग बिल्ड सिस्टिम बदलायचा उद्योग कशाला?" बिल्ड सिस्टिम म्हणजे कोडवरून चालणारा प्रोग्राम बांधणारी साधनं. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीवही असते. नवं काही स्क्रीनवर दिसत नाही आणि माणूस महिनोन्‌महिने त्यात अडकलेला.

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. आधी प्रकल्प काय आहे ते. चादरीची नक्षी आधी कागदावर निघते. मग तिचा ग्राफ करावा लागतो. एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा धागा वर की खाली, आणि त्याप्रमाणे जकार्डचे, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्राचे, हुक उचलले जातात. आमचा प्रोग्राम स्कॅन केलेल्या नक्षीवरून हा ग्राफ काढतो. सी भाषेत लिहिलेला, कोड सगळ्यांना खुला, स्क्रीनवरचा मजकूर मराठीत आणि तेलुगूत. कारण पूर्व भागातल्या कारखान्यांत तेलुगूशिवाय पान हलत नाही.

आता उत्तर. वेगासाठी बदललं असं मी कधीच सांगत नाही, जरी बिल्ड आता खरंच लवकर होतो. ज्यांना प्रोग्राम दुरुस्त करायची इच्छा होती, त्यांना तो स्वतःच्या मशीनवर बांधताच येत नव्हता, म्हणून बदललं. नक्षीकाम करणारे सगळे विंडोजवर. कॉलेजच्या पोरांचे लॅपटॉपही विंडोजचेच. आणि आमचा बिल्ड ऑटोटूल्स या जुन्या बिल्ड साधनांवर, ज्यांना युनिक्सचं शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, लागतं. विंडोजवर आधी ते सगळं वातावरण उभं करायचं, मग कॉन्फिगर ही तपासणीची स्क्रिप्ट चालवायची, ती एकेक ओळ छापत बसणार, आणि शेवटी कुठलीतरी लायब्ररी (तयार कोडचा संच) सापडली नाही म्हणून थांबणार. पोरगं उत्साहानं आलेलं असायचं एका चुकीच्या रंगाचा बग काढायला. दुसऱ्या दिवशी ते दिसायचं नाही.

ऑटोटूल्सला शिव्या घालण्याची फॅशन आहे, मला ती पटत नाही. त्यातलं मुख्य साधन ऑटोकॉन्फ 1991 चं. त्या काळात सनचं युनिक्स वेगळं, एचपीचं वेगळं, आयबीएमचं वेगळं. एका ठिकाणी असलेलं फंक्शन दुसऱ्या ठिकाणी नाही. त्यावर उपाय काय, तर बांधण्याआधी प्रत्येक गोष्ट तपासून बघणारी एक मोठी शेल स्क्रिप्ट तयार करून द्यायची. वापरणाऱ्याकडे नुसतं शेल, मेक (बांधायच्या पायऱ्या चालवणारं साधन) आणि कोडचा प्रोग्राम करणारा कंपायलर असलं की भागलं. फार हुशारीचं काम होतं ते. पण ती स्क्रिप्ट हजारो ओळींची, एम4 नावाच्या मॅक्रो भाषेतून निघालेली, आणि ती कोणी वाचत नाही. आमच्याकडे तर ती अजूनही स्टँडर्ड हेडर फाइल आहे की नाही हे इमानेइतबारे तपासत होती.

कोणी वाचत नाही याचा अर्थ काय होतो, ते 2024 च्या मार्चमध्ये सगळ्यांना कळलं. एक्सझेड या फाइली दाबून साठवण्याच्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो सुरू करणारी ओळ गिटमधल्या, म्हणजे जिथे कोडचा प्रत्येक बदल सगळ्यांना दिसतो तिथल्या, कोडमध्ये नव्हतीच. रिलीजच्या टारबॉलमधल्या (डाउनलोडसाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या) एका एम4 फाइलमध्ये लपवली होती. टारबॉलमध्ये अशा तयार झालेल्या फाइली असतातच, म्हणून कोणाला खटकलं नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावावासा वाटला, म्हणून सापडलं. (सीमेक हे दुसरं बिल्ड साधन वापरणाऱ्यांनी लगेच हसू नये. त्याच प्रकल्पाच्या सीमेक फाइलमध्ये एक फालतू टिंब घुसवून सुरक्षेची एक तपासणी कायमची नापास करून ठेवली होती.)

आम्ही ऑटोटूल्सच्या जागी मेसन हे नवं बिल्ड साधन घेतलं. युस्सी पाक्कानेन यांनी ते 2013 मध्ये बाहेर आणलं. लिनक्स सुरू करणारं सिस्टमडी 2017 मध्ये त्यावर गेलं, पोस्टग्रेएसक्यूएलने 2023 च्या 16 व्या आवृत्तीत ते जुन्या पद्धतीच्या बरोबरीनं घेतलं. केडीई हा डेस्कटॉप आणि क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी सीमेकवर आहेत, त्यांचं काही अडलेलं नाही. मला मेसन भावलं ते त्याच्या हट्टांमुळे. त्यात स्वतःची फंक्शनं लिहिता येत नाहीत. 'या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली घे' असंही म्हणता येत नाही, प्रत्येक फाइलचं नाव लिहावं लागतं. सुरुवातीला वैताग येतो. पण सी येणारं कोणीही पोरगं ती बिल्ड फाइल वरून खाली वाचू शकतं, आणि पीएनजी चित्रं वाचणाऱ्या लिबपीएनजीसारखी लायब्ररी मशीनवर नसली तर रॅप फाइलमधून, म्हणजे सोर्स कुठून आणायचा हे लिहिलेल्या छोट्या फाइलवरून, सोर्स आणून मेसन तीही सोबत बांधतं. मेसन पायथनवर चालतं, त्यामुळे विंडोजवर पायथन, मेसन आणि कंपायलर असला की झालं.

खरं काम नवी फाइल लिहिण्यात नव्हतं. ती पटकन होते. काम होतं जुनं आणि नवं एकच आहे हे सिद्ध करण्याचं. दोन्ही पद्धतींनी बांधायचं, दोन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करायचं आणि फाइलींच्या याद्या समोरासमोर ठेवायच्या. लायब्ररीचा सोनेम (प्रोग्राम तिला ज्या नावानं शोधतात ते नाव) तोच आहे ना, बाहेर दिसणारी फंक्शनं तीच आहेत ना, ते बघायचं. सगळ्यात घातक प्रकरण म्हणजे कॉन्फिग डॉट एच, तपासणीची उत्तरं ज्यात लिहिली जातात ती फाइल. जुन्या तपासणीतली एखादी ओळ नव्यात राहून गेली तर कंपायलर ओरडत नाही. कोडमधली इफडेफ, म्हणजे 'ही ओळ असेल तर हा भाग घे' ही अट, गुपचूप दुसऱ्या वाटेला जाते. भाषांतर चालू करणारी ओळ घ्या. ती नसली तर प्रोग्राम व्यवस्थित बांधला जातो, चालतो, फक्त मराठी आणि तेलुगू गायब होऊन सगळं इंग्रजीत दिसतं. म्हणून त्या दोन फाइली ओळीला ओळ लावून बघितल्या. बऱ्याच ओळी अशा निघाल्या की ज्यांचं उत्तर कोडमध्ये कुठेच वापरलं जात नव्हतं. त्या काढून टाकल्या.

आणखी एक, जे करणार असाल त्यांच्यासाठी. ऑटोटूल्स काही न सांगता ओटू ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगवान करण्याची एक पातळी, लावतं. मेसन काही सांगितलं नाही तर डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीचा) करतं, ऑप्टिमायझेशनशिवाय. मोठ्या नक्षीचा ग्राफ काढताना हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि लोक म्हणतात, नवीन आवृत्ती मंद झाली. बिल्डटाइप रिलीज असं प्रकल्पाच्या फाइलमध्येच लिहून मोकळं व्हा.

काही गमावलंही. पूर्वी फार जुन्या लिनक्सवरही प्रोग्राम बांधता यायचा. आता नवं पायथन नसेल तर मेसन चालत नाही. म्हणून एका रिलीजपुरत्या दोन्ही पद्धती ठेवल्या, पुढच्या रिलीजला जुनी काढली. दोन्ही कायम ठेवू म्हणणारे होते. पण नवी फाइल आली की दोन ठिकाणी नाव घालायचं, आणि माणूस नेमकं एकाच ठिकाणी घालतो. त्यापेक्षा बदलूच नका.

तुमच्या प्रकल्पाचं म्हणाल, तर सगळे लिनक्सवरचे असतील आणि कॉन्फिगर डॉट एसी (ऑटोटूल्सची मूळ फाइल) उघडून दुरुस्त करणारी दोन माणसं असतील, तर मी हात लावणार नाही. आमच्याकडे तसं एकच माणूस होतं. आता विंडोजवरून दुरुस्त्या येतात, त्यातल्या काही तर ज्यांच्या घरी माग आहेत अशा पोरांच्या. विंडोजचा इन्स्टॉलर मात्र अजून मी हातानंच बनवतो. तो मेसनमध्ये बसवायचं काम शिल्लक आहे. कोणाला वेळ असेल तर घ्या.