यीस्टने औषध बनवलं खरं, पण भावाचं काय?

सिंथेटिक बायोलॉजीवाले (म्हणजे जीन्स बदलून सूक्ष्मजीवांकडून हवं ते बनवून घेणारे) बोलायला उभे राहिले की आर्टेमिसिनिनची गोष्ट सांगतातच, आणि बरेचदा ती अर्ध्यातच सोडतात.

मलेरियावरचं हे औषध आर्टेमिसिया अॅनुआ नावाच्या झाडातून मिळतं. आता गंमत बघा, यीस्टला स्वतःच्या पेशीचा पडदा नीट ठेवायला एर्गोस्टेरॉल लागतं आणि ते बनवताना मध्ये जे रसायन तयार होतं (फार्नेसिल पायरोफॉस्फेट, नाव विसरलात तरी चालेल) नेमकं तिथूनच ते झाडही आपलं औषध बनवायला घेतं, म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले शास्त्रज्ञ जे (Jay) कीसलिंग यांच्या टीमने झाडाचे जीन्स यीस्टमध्ये घातले, एर्गोस्टेरॉलकडे जाणारी वाट जरा आवळली, आणि २००६ मध्ये लिटरमागे १०० मिलीग्रॅमच्या आसपास आर्टेमिसिनिक अॅसिड (औषधाच्या आधीचा टप्पा) निघालं. २०१३ मध्ये तेच २५ ग्रॅम! त्यातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती अगदी साधी आहे, टाकीत वरून एक तेलकट द्रव सोडायचा, यीस्ट पेशीबाहेर टाकतं ते अॅसिड त्यात उतरत जातं, मग तो थर वेगळा काढून घ्यायचा. अॅसिडपासून औषध बनवायचं काम मात्र यीस्टचं नाही, ते केमिस्ट्रीने करावं लागतं.

आता राहिलेली अर्धी गोष्ट. सानोफी या औषध कंपनीने इटलीत मोठ्या प्रमाणावर प्रॉडक्शन सुरू केलं, पण तोवर शेतातल्या आर्टेमिसिनिनचा भाव किलोला २५० डॉलरच्याही खाली आलेला आणि यीस्टवाल्याचा ३५० ते ४०० डॉलर. २०१५ मध्ये सानोफीने एक किलोसुद्धा बनवलं नाही, पुढे प्लांटच विकून टाकला. सायन्सची काही चूक नव्हती हो, समोर पीक स्वस्त होतं इतकंच.

अॅमिरिस या अमेरिकन कंपनीचंही तेच. उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून फार्नेसीन (एक तेलकट रसायन) काढायचं आणि त्याचं डिझेल करायचं असा बेत होता, पण डिझेलच्या भावाशी कोण भांडणार? मग त्याच फार्नेसीनपासून क्रीममधलं स्क्वालेन बनवायला लागले, जे आधी शार्कच्या लिव्हरमधून काढायचे, आणि ते बऱ्यापैकी चाललं. (कंपनी तरीही २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तो वेगळा विषय.)

त्यामुळे कुणी 'यीस्टपासून अमुक बनवलं' म्हटलं की मी आधी बघतो की ते अमुक आत्ता कसं मिळतं आणि किती महाग पडतं. सदाफुलीतलं विनब्लास्टिन घ्या, कॅन्सरवरचं औषध, एका ग्रॅमला अर्धा टन सुकी पानं लागतात म्हणे. २०२२ मध्ये कीसलिंग यांच्याच लोकांनी त्याचे दोन्ही मुख्य घटक यीस्टकडून करून घेतले, तीस स्टेप्स, आणि शेवटची जोडणी बाहेर केमिस्ट्रीने. उत्पन्न तेव्हा लिटरमागे मायक्रोग्रॅममध्येच होतं, पण इथे यीस्टला स्वस्त पिकाशी टक्कर द्यायची नाहीये, म्हणून मला ह्यातच जास्त दम वाटतो.