पोटुशी पाईक आणि मार्चचा कालवा

फ्रीजरच्या खालच्या खणात मटारच्या शेजारी आमिषाच्या तारल्यांची जी पिशवी नोव्हेंबरपासून पडून होती ती काल एकदाची रिकामी झाली आणि नवऱ्याने हुश्श केलं. म्हणजे पाईक नावाच्या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाचा यंदाचा सीझन संपला. माझ्यापुरता.

माझ्यापुरता असं मुद्दाम म्हणतेय, कारण कायद्याने संपलेला नाहीये. इथे इंग्लंडमध्ये नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते (ट्राउट, सामन सोडून, त्यांचं कॅलेंडर वेगळं). विणीचा काळ म्हणून, आणि ही पद्धत थेट १८७८ च्या कायद्यापासून चालत आलीये. पण २००० साली बहुतेक कालव्यांना यातून वगळलं. आता आमच्याकडची गंमत बघा. गेटनपाशी ग्रँड युनियन कालव्याला एक फाटा फुटतो तो १७ लॉक (म्हणजे बोटी वरखाली करायचे दारं लावलेले पाण्याचे टप्पे) उतरत उतरत नॉर्थॅम्प्टनला नेन नदीला मिळतो. (ही नदी इथे ‘नेन’ आणि पुढे पीटरबरोला गेली की ‘नीन’, लोक यावर खरोखर भांडतात.) तर शेवटच्या लॉकच्या वरच्या अंगाला मी १५ मार्चला बसले तर कायदेशीर, आणि खाली नदीत गळ टाकला तर गुन्हा. मध्ये एक लाकडी दार. त्या माशाला कोण सांगणार की बाई गं तू आत्ता कुठल्या बाजूला आहेस?

म्हणून मी आपलं साधं ठेवलंय, नदी बंद झाली की माझा कालवाही बंद. मार्चपर्यंत माद्यांची पोटं फुगलेली असतात, त्या उथळ गवतात, बोरूच्या मुळांशी यायला लागतात आणि दोनतीन छोटे नर त्यांच्या मागे मागे. अंडी चिकट असतात, पाणवनस्पतींना चिकटून राहतात. हे सगळं चारपाच फूट पाण्यात, पायवाटेपासून हाताच्या अंतरावर चाललेलं असतं. त्यात आपण तीन तोंडांचा गळ घेऊन जायचं हे मला जरा जिवावर येतं. क्लबातले काहीजण म्हणतात की याच दिवसांत मासा सगळ्यात जड भरतो, फोटो काढायची हीच वेळ. भरतो ना, पोटात गाभोळी आहे म्हणून भरतो.

बाय द वे, पाईक म्हटलं की आपल्याला आधी शिपाई आठवतो. या माशाचं इंग्रजी नावही हत्यारावरूनच पडलंय, लांब दांड्याचा भाला असायचा त्याला पाईक म्हणत. दिसतोही तसाच, लांबुळका, बदकासारखं चपटं तोंड, पाठीचा पर पार शेपटीजवळ ढकललेला. जागच्या जागी तासनतास थांबायचं आणि मग एकदाच सुसाट, त्यासाठीच बनलेलं शरीर. ब्रिटनचा रेकॉर्ड फेब्रुवारी २०२४ मध्ये चू व्हॅली लेकमधून आला, ४७ पौंड ५ औंस, म्हणजे साधारण साडेएकवीस किलो. ते धरण आहे हो. आमच्या कालव्यात १० पौंडाचा लागला तर आठवडाभर सांगत फिरायचं, एरवी सगळे ‘जॅक’, म्हणजे हातभर लांबीची पोरं.

तर काल मार्चचा दुसरा शनिवार. पूर्वेचा वारा, नाकाचा शेंडा बधिर, आणि पाणी दुधाच्या चहासारखं. थंडीत लॉकच्या दुरुस्त्या काढतात तेव्हा बोटी कमी असतात म्हणून पाणी नितळ राहतं, आता दुरुस्त्या संपल्या, नॅरोबोटी (कालव्यातल्या लांब, चिंचोळ्या बोटी) फिरायला लागल्या, एक बोट गेली की तळाचा सगळा गाळ वर. हेही एक कारण आहे सीझन गुंडाळायचं, उगाच सगळं पुण्य कशाला घेऊ.

माझी पद्धत म्हणजे दोन रॉड, दोन्हीवर फ्लोट (पाण्यावर तरंगणारं बोंड), एकाला अर्धी तारली आणि दुसऱ्याला स्मेल्ट नावाचा छोटा मासा, ज्याला चक्क ताज्या काकडीचा वास येतो. तारली अर्धी का तर कालव्यातल्या माशाला ती पुरते आणि कापलेल्या बाजूने तेल, रक्त पाण्यात उतरत राहतं. दोरीच्या टोकाला दीड फूट तारेचा ट्रेस, त्यावर वर-खाली दोन गळ, तार अशासाठी कारण नुसती दोरी याच्या दातांपुढे म्हणजे शेवई. वीस मिनिटं थांबायचं, काही नाही झालं की मागचा रॉड उचलून पुढच्याच्या पुढे नेऊन टाकायचा, असं बेडकासारखं उड्या मारत काठाने जायचं. बांधून ठेवलेल्या बोटींच्या कडेला, पुलाखाली, बोटी वळवायला कालवा रुंद केलेला असतो तिथे. पाईक शोधायला आपल्यालाच जावं लागतं, तो येत नाही.

चार जागा झाल्या. काही नाही. एका बोटीच्या धुराड्यातून कोळशाचा धूर येत होता आणि आत कोणीतरी बेकन भाजत होतं, ते जास्त त्रासदायक.

पाचव्या जागी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबा आयुष्यभर खाडीवर गरवायला गेलेले, गरी कशी बांधायची हे मी त्यांच्याकडूनच शिकले, त्यामुळे त्यांना लॉक दाखवायचं मी कधीपासून ठरवलं होतं. उभी राहिले पाण्याकडे पाठ करून आणि दाखवायला लागले की हे बघा बाबा, हे दार, ही झडप, इथून पाणी सोडतात मग बोट वर येते. बाबा म्हणाले, ‘‘ते राहू दे गं, तुझी काठी हलतेय मागे.’’

रत्नागिरीत बसून त्यांना दिसलं आणि मला नाही.

वळले तर फ्लोट नाहीच. दोरी तिरकी पलीकडच्या काठाकडे चाललेली, शांतपणे. आणि पोटात धस्स झालं, आनंदाने नाही, कारण मेलेल्या माशाचं आमिष लावलं की एकच नियम असतो, फ्लोट हलला की लगेच दोरी ताणून झटका द्यायचा. पाईक आधी आमिष आडवं धरतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. तुम्ही रेंगाळलात की गळ घशाखाली. किती वेळ गेला होता देव जाणे. रॉड सोडून फोनवर बोलणाऱ्या लोकांना मी स्वतः नावं ठेवलेली आहेत, याच काठावर.

फोन गवतात टाकला, झटका दिला, आणि तिकडून जे वजन आलं ते जॅकचं नव्हतं. फार लढली नाही, थंड पाण्यात लढत नाहीत, नुसती जड जड ओढत राहिली आणि काठाजवळ एकदा डोकं जोरात हलवलं. जाळ्यात घेतली तेव्हा पोट बघूनच कळलं. टपोरलेलं, अगदी खालपर्यंत.

पुढची चारपाच मिनिटं सावकाश सांगते कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मासा ठेवायची मॅट आधी ओली केली, पाईकला तिच्यावर उताणी ठेवली, दोन गुडघ्यांमध्ये अलगद. डाव्या हाताची दोन बोटं कल्ल्याच्या झाकणाखालून हनुवटीकडे सरकवायची, आतल्या लाल पिसांना अजिबात न लावता, आणि वर उचलायचं, मग तोंड आपोआप उघडतं. टाळूवर आत वळलेल्या दातांचे गालिचे असतात, आत जाऊ देतील पण बाहेर येऊ देणार नाहीत. वरचा गळ दिसत होता, तो फोर्सेप्सने (लांब चिमट्याने) एका फिरकीत निघाला. खालचा दिसतच नव्हता. तार सरळ घशात गेलेली.

तार हळू ओढून धरली तसा घशाचा तो मऊ पांढुरका भाग वर आला आणि गळाचा दांडा दिसला. तोंडातून पोचत नव्हतं, मग फोर्सेप्स कल्ल्याच्या फटीतून बाजूने आत घातला, दांडा पकडला आणि उलटा फिरवला. दोन टोकं सुटली. तिसरं नाही. गळाचे काटे मी आधीच चेपून ठेवते तरी नाही, कारण ते बाहेरच्या बाजूने आरपार आलं होतं. कटरने टोक तोडलं, टक्कन आवाज झाला, आणि उरलेला गळ निघून हातात आला. कल्ल्याजवळ थोडं रक्त. माझ्या अंगठ्याचंही होतं, कुठलं कोणाचं कळेना. या सगळ्यात गवतातून, आभाळाकडे तोंड करून पडलेल्या फोनमधून बाबांचा आवाज, ‘‘लागला का? अगं काय लागलंय? बोल की!’’

वजन केलं नाही. माझा आजवरचा सगळ्यात मोठा ११ पौंड ४ औंस आणि ही त्याहून मोठी होती, डोळ्यांना दिसत होतं, वजनकाटा पिशवीत होता. पण ती आधीच पुरेसा वेळ पाण्याबाहेर होती, आणि चूक माझी होती. फोटोही नाही.

काठावर पालथं पडून तिला पाण्यात सरळ धरून ठेवली. पहिल्यांदा कलंडली. मग पुन्हा धरली, बाही खांद्यापर्यंत ओली, कल्ले उघडमिट होतायत का बघत मनातल्या मनात आकडे मोजत होते, दोनशेच्या पुढे विसरले. मग तिच्या अंगात एकदम ताठरपणा आला, शेपटीजवळ हाताला आधी जाणवतो तो, आणि मी बोटं सैल केली. गेली नाही लगेच. हिरवट अंगावर ते पिवळे ठिपके, हातभर खाली, तशीच थांबली. मग गाळाचा एक ढग उठला आणि जागा रिकामी.

फोन उचलला.

‘‘गाभोळी होती?’’ बाबांचा पहिला प्रश्न.

‘‘हो बाबा. भरलेली.’’

‘‘आणि सोडलीस?’’

‘‘सोडली.’’

थोडा वेळ फक्त वाराच ऐकू येत होता. मग म्हणाले, ‘‘अंगठ्याला हळद लाव,’’ आणि ठेवून दिला.

घरी येऊन दोन्ही ट्रेस कापून पत्र्याच्या डब्यात टाकले, जाळं आणि मॅट वाळत घातली. पुढच्या सीझनला काठावर फोन सायलेंटवर आणि बॅगेच्या तळाशी, हे वहीत लिहून ठेवलंय, दोनदा अधोरेखित करून. आज सकाळी रॉड न घेता तिकडे जाऊन आले, पोट वर करून काही तरंगताना दिसलं नाही, लॉकपर्यंत दोन्ही काठ बघितले. पुढच्या वळणाला बोरूत एकदा पाणी खळबळलं, पण ते बदकसुद्धा असू शकतं.

आता ऑक्टोबरपर्यंत सुट्टी. फ्रीजरच्या त्या खणात नवऱ्याने लगेच आइस्क्रीमचे दोन डबे आणून ठेवलेत, आणि आत्ता रात्री स्वयंपाकघरातून ओरडून सांगतोय की व्हॅनिलाला तारलीचा वास येतोय.