हातात नेमकं काय आहे? शस्त्रबदलाचे नियम टेबलावर बसवताना

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत शस्त्र काढण्या-ठेवण्याचा नियम जेमतेम दोन-चार ओळींचा आहे, पण डीएम (खेळ चालवणारा) म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ त्याच ओळींनी खाल्ला. आधी 2014 चे नियम, मग 2024 चे, अधूनमधून पाथफाइंडर या तशाच खेळाची दुसरी आवृत्ती असं चालवताना जे पक्कं बसलं ते लिहितो.

सुरुवात कार्डापासून. कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या नोंदींच्या कागदावर) पाच शस्त्रं लिहिलेली असली की खेळाडूला ती पाचही हातातच आहेत असं वाटायला लागतं. म्हणून प्रत्येकासमोर एक कोरं कार्ड ठेवतो आणि त्यावर तीन चौकोन आखतो: डावा हात, उजवा हात, जमीन. शस्त्रांच्या नावांच्या चिठ्ठ्या या चौकोनांत सरकवायच्या, आणि जे अंगावर म्यानात किंवा पाठीवर आहे ते कार्डाबाहेर. ‘जमीन’ हा चौकोन मी उशिरा घातला. तो नव्हता तोवर टाकलेली धनुष्यं पुढच्या टर्नला (पाळीला) आपोआप खांद्यावर परत यायची.

2014 चा हिशेब असा. प्रत्येक टर्नला एका वस्तूशी फुकटात व्यवहार करता येतो, चालताना किंवा अ‍ॅक्शन करता करता; अ‍ॅक्शन म्हणजे टर्नमधलं मुख्य काम. तलवार उपसणं हा एक व्यवहार, म्यान करणं हा दुसरा. दुसरा हवा असेल तर अख्खी अ‍ॅक्शन जाते. हातातली वस्तू नुसती सोडून देणं फुकट धरलं जातं. ढाल मात्र वेगळीच: चढवायला एक अ‍ॅक्शन, उतरवायलाही एक अ‍ॅक्शन. तलवारीसारखी ती झटकन हातात घेता येत नाही, आणि इथेच निम्मे लोक चुकतात.

पाचव्या लेव्हलचा फायटर (लढवय्या) घ्या. अंगात चेन मेल (कड्यांचं चिलखत), हातात लाँगबो, कमरेला लाँगसोर्ड, पाठीला ढाल. गॉब्लिन अंगाशी येऊन भिडला. फायटर धनुष्य टाकतो (फुकट), तलवार उपसतो (एक व्यवहार), दोन वार करतो. इथवर सगळं नियमात. मग खेळाडू म्हणतो, ‘आणि ढाल घेतली, एसी 18.’ (एसी म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा.) नाही. ढालीसाठी अ‍ॅक्शन लागते आणि ती वारांत गेली, त्यामुळे एसी 16 वरच. एकतर दोन वार, नाहीतर ढाल. शिवाय धनुष्य जमिनीवर पडलंय, ते उचलायला पुढच्या टर्नचा व्यवहार जाणार. गॉब्लिनलाही त्याच्या टर्नला एक फुकट व्यवहार असतो, तो ते उचलू शकतो. हे मी एकदा करून दाखवलं की टेबलावर धनुष्य टाकण्याचं प्रमाण लगेच घटतं.

दोन शॉर्टसोर्डवाल्या रोगची (rogue, म्हणजे चोरट्या पात्राची) पहिली टर्न हा असाच दुसरा सापळा. 2014 मध्ये फुकटात एकच तलवार निघते. दोन्ही हातांत शस्त्र नसेल तर बोनस अ‍ॅक्शनचा जादा दुसरा वारही नाही. ड्युअल वील्डर हे फीट (पात्राने निवडलेलं खास कौशल्य) असेल तर एकदम दोन निघतात. ते नसेल तर दार उघडण्याआधीच दोन्ही उपसून ठेवायच्या, पण मग दार उघडायला हात रिकामा नाही. फेकायच्या भाल्यांचंही तेच: एक आधीच हातात असेल तर दुसरा काढून दोन फेकता येतात, पण पुढच्या टर्नला हात रिकामा, म्हणून एकच. थ्रोन वेपन फायटिंग ही शैली घेतली की फेकायचं शस्त्र त्या वारातच हातात येतं.

2024 मध्ये हे बरंच सैल झालं. अटॅक अ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक वारामागे एक शस्त्र हातात घेता येतं किंवा ठेवता येतं, वाराआधी किंवा वारानंतर. दोन्हींपैकी एकच. ‘ठेवणं’ यात म्यान करणं, अडकवणं आणि टाकून देणं तिन्ही येतं. फेकायची शस्त्रं तर वाराचाच भाग म्हणून निघतात, त्यामुळे भाल्यांचा प्रश्न मिटला. यावर टर्नचा फुकट व्यवहार वेगळा मिळतो असं मी धरतो. त्यामुळे रोगच्या दोन्ही तलवारी पहिल्याच टर्नला बाहेर येतात.

ही मोकळीक वेपन मास्टरीसाठी, म्हणजे शस्त्रागणिक मिळणाऱ्या खास परिणामासाठी, लागते. मॉल, म्हणजे दोन हातांनी फिरवायचा तो घण, त्याची मास्टरी आहे टॉपल: वार लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणावर बचावाचा फासा) करायचा, नाहीतर आडवा. पाचव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ 18 असेल तर सेव्हचा आकडा 8 अधिक 4 (स्ट्रेंग्थचा) अधिक 3 (लेव्हलनुसार प्रावीण्याचा), म्हणजे 15. पहिला वार घणाचा, शत्रू आडवा. त्याच वारानंतर घण पाठीला. दुसऱ्या वाराआधी हॅल्बर्ड (लांब दांड्याची कुऱ्हाड) हातात, आणि पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून अ‍ॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून मोठा धरून) वार. हॅल्बर्डची मास्टरी क्लीव्ह, म्हणून शेजारी दुसरा उभा असेल तर त्याच्यावरही एक वार. पुढच्या टर्नला उलटा क्रम: हॅल्बर्डने मारून ठेवायचा, मग घण काढायचा. व्यवहार एकही वाया जात नाही.

चूक होते ती अशी: पहिल्या वाराआधी शस्त्र काढलं, मग त्याच वारानंतर ते ठेवलं. एका वारात दोन व्यवहार झाले. खेळाडू हे मुद्दाम करत नाही, बोलण्याच्या ओघात होऊन जातं. म्हणून वार जाहीर करतानाच मी विचारतो, ‘या वारात काढलंस की ठेवलंस?’ आणि कार्डावरची चिठ्ठी हलल्याशिवाय फासा टाकू देत नाही. मास्टरी ज्या शस्त्रप्रकारांसाठी निवडली आहे त्यांनाच लागू होते, हेही तिथेच तपासतो. फायटरला सुरुवातीला तीन मिळतात, आणि चौथं शस्त्र बॅगेतून निघालं की उत्साह त्याच्या पुढे धावतो.

मंत्रवाल्यांचं प्रकरण खरं किचकट. क्लेरिकच्या (देवभक्त मंत्रवाल्याच्या) एका हातात गदा, दुसऱ्या हातात पवित्र चिन्ह कोरलेली ढाल. मंत्रात साहित्य आणि हातवारे दोन्ही असतील तर ढालीचाच हात दोन्हीला चालतो, म्हणून ब्लेस हा मंत्र म्हणता येतो. क्युअर वून्ड्समध्ये हातवारे आहेत, साहित्य नाही. त्याला रिकामाच हात हवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण नियम तसाच आहे. हीलिंग वर्डला नुसता आवाज पुरतो, म्हणून गदा-ढालवाल्या क्लेरिकला मी आधी तोच घ्यायला सांगतो. क्युअर वून्ड्स हवाच असेल तर फुकट व्यवहारात गदा कमरेला अडकवायची, मंत्र म्हणायचा. त्या टर्नपुरती गदा हातात नाही, म्हणजे शेजारून पळणाऱ्यावर गदेचा वारही नाही.

यावर एक पळवाट हमखास पुढे येते: गदा टाकली, मंत्र म्हटला, गदा उचलली. 2014 मध्ये हे अक्षरशः नियमात बसतं. 2024 मध्ये टाकणं हे ‘ठेवण्यात’ मोजलंय, म्हणून मी अटॅक अ‍ॅक्शनबाहेर टाकलं तरी फुकट व्यवहार खर्च धरतो. हा माझा निर्णय आहे, पहिल्याच बैठकीला सांगून टाकतो. सततची कसरत नको असेल तर वॉर कास्टर फीट घ्यावं, हात भरलेले असले तरी हातवारे करता येतात. शील्ड मंत्र रिअ‍ॅक्शनवर (दुसऱ्याच्या टर्नला करायच्या झटपट कृतीवर) म्हणणाऱ्या तलवार-ढालवाल्या एल्ड्रिच नाइटला (मंत्र जाणणाऱ्या फायटरला) तर ते जवळपास अनिवार्यच, कारण दुसऱ्याच्या टर्नला म्यान करायची सोय नाही.

उलट ग्रेटसोर्डवाला निर्धास्त. दोन हात फक्त वार करताना लागतात. एरवी एक हात सोडून मंत्र म्हणायचा, परत धरायचा, खर्च शून्य.

हँड क्रॉसबो (एका हाताचं छोटं यांत्रिक धनुष्य) आणि ढाल ही जोडी छान दिसते, चालत नाही. बोल्ट (त्याचा बाण) भरायला रिकामा हात लागतो. आधीच भरलेला एक सुटला की संपलं. 2024 च्या क्रॉसबो एक्स्पर्ट या फीटमध्ये रिकाम्या हाताशिवाय भरायची मुभा आहे. 2014 च्या फीटने लोडिंगची (भरण्यामुळे एका वेळी एकच बाण, ही) मर्यादा जाते, हाताची अट जात नाही.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळं रोखीचं. टर्नला तीन अ‍ॅक्शन, शस्त्र काढणं ही इंटरॅक्ट नावाची एक अ‍ॅक्शन, दोन हातांच्या शस्त्रावर दुसरा हात परत ठेवणं हीसुद्धा एक. हात सोडणं तेवढं फुकट. 2023 च्या सुधारित नियमांत एक वस्तू ठेवून दुसरी काढणं एकाच इंटरॅक्टमध्ये बसवलंय. पण इंटरॅक्ट हे मॅनिप्युलेट प्रकारात येतं, म्हणजे शेजारच्या शत्रूकडे रिअ‍ॅक्टिव्ह स्ट्राइक असेल तर तो वार करणार, आणि तो क्रिटिकल (जबर) बसला तर अ‍ॅक्शनही फुकट जाते. नुसतं सोडून देण्यावर तसा वार होत नाही. म्हणून तिथे शत्रू भिडलेला असताना धनुष्य टाकणं हा शहाणपणा ठरतो, आणि तलवार काढायची तर आधी स्टेपने (असा वार न ओढवणाऱ्या सावध पावलाने) पाच फूट सरकून.

टर्न संपवताना मी एकच प्रश्न विचारतो: ‘आता हातात काय?’ पुढच्या टर्नपर्यंतच्या रिअ‍ॅक्शन त्यावरच ठरतात. पाचव्या आवृत्तीत धनुष्य हातात असताना पळणाऱ्यावर त्याचा वार होत नाही, पण लाथ घालता येते: नुकसान 1 अधिक स्ट्रेंग्थ. गॉब्लिनला कधी कधी तेवढंही पुरतं.