सतरा कुकर

सोमवार, रात्री साडेदहा

वहिनी काही बोलली असती तर बरं झालं असतं. "अगं, नुसते कुकरच कुकर!" म्हणून हसली असती तरी चाललं असतं. तिनं माझी चित्रांची वही उघडली, पाच-सहा पानं भराभर उलटली, एका पानाशी जरा थबकली, मग वही मिटून फ्रिजवर ठेवली. आणि विचारलं काय, तर "लीलो चिवडा अर्धा किलो पुरेल ना गं ठाण्याला न्यायला?"

परवा दादा-वहिनींना गाडीत बसवून आले. गौरी-गणपतीची भांडी माळ्यावर गेली, घर पुन्हा आपलं झालं. पण ती पानं उलटल्याचा आवाज काही कानातून जात नाही.

आणि लाज कशाची वाटते, तर "मी माझ्या मजेसाठी काढते" हे मीच सगळ्यांना सांगत फिरते. कुणी विचारलेलं नसतानाही सांगते. मग लागलं का? मजा माझी, वही माझी, कुकर माझा. वहिनीचा संबंध कुठे आला?

शाळेत बाई म्हणाल्या होत्या, हात जड आहे हिचा. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं ब्रश धरला नाही. बाबांची रंगपेटी सापडली तेव्हा… जाऊ दे, ते आज नको.

त्यात गाव हे असं. बडोद्यात दगड भिरकावला तर फाइन आर्ट्सवाल्यालाच लागायचा. चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९५० साली इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजात शिकवायला आले, तेव्हापासून ज्याच्या-त्याच्या घरात एखादा भाचा नाहीतर जावई चित्रकार. पूर्वी कमाटीबागेत वही घेऊन बसायचे. एकदा मागे एक मुलगा येऊन उभा राहिला, दाढीवाला, खांद्याला झोळी. तोंडातून चकार शब्द नाही. दोन मिनिटांनी निघून गेला. त्या दिवसापासून मी घरात बसून कुकर काढते.

कुकरचं एक आहे, तो हलत नाही. आणि नवा असताना चकचकीत होता त्यापेक्षा आता फार बघण्यासारखा झालाय. काळ्या रंगाची ट्यूब मी वापरत नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना ओल्यातच मिसळले की राखाडी होतो, आणि वाळताना निळ्याचे कण कागदाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतात. बरोब्बर घासणीचे ओरखडे पडलेल्या ॲल्युमिनियमसारखं दिसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. सहाव्या कुकरला आपोआप झालं, सातव्याला मुद्दाम करायला गेले तर चिखल झाला. नवव्याला जमलं तेव्हा भात करपला होता आणि मला वासही आला नव्हता.

तेव्हा वहिनी कुठे होती? कुणीच नव्हतं. हे मी स्वतःला तीनदा सांगून झालंय आणि तिन्ही वेळा पटलं नाही.

म्हणून काल मुद्दाम तांबेकर वाड्यात गेले. म्हटलं, ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत अशांनी एकोणिसाव्या शतकात भिंतीच्या भिंती रंगवल्या, ते बघून जरा मन ताळ्यावर येईल. वरच्या मजल्यावर महाभारत, कृष्णलीला, इंग्रज-मराठ्यांची लढाई. खाली सही शोधली, मला तरी कुठे दिसली नाही. अगदी भरून आलं. जिन्यावरून उतरताना मात्र डोक्यात आलं, अगं, दिवाणाचा वाडा हा! ते पैसे घेऊन रंगवत होते. रविवर्म्यानं १४ पौराणिक चित्रं काढली ती सयाजीरावांसाठी. कीर्ती मंदिरातल्या नंदलाल बोसांच्या भिंती, १९३९ ते १९४६, त्यासुद्धा महाराजांच्याच सांगण्यावरून. म्हणजे माझ्या बाजूनं साक्ष द्यायला अख्ख्या गावात एक माणूस मिळेना.

मग आजी आठवली. दांडिया बाजारच्या जुन्या घरी ती रोज सकाळी उंबऱ्यासमोर रांगोळी काढायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच झाडून टाकायची. स्वतःसाठी काढणं म्हणजे हेच, असं मी मनाशी ठरवणारच होते. पण खरं सांगायचं तर समोरच्या काकू बघायच्या आत कुणाची सायकल रांगोळीवरून गेली, तर आजी अशा शिव्या घालायची की पार रावपुऱ्यापर्यंत ऐकू जायच्या. काकूंनी बघून नुसती मान हलवली की झालं. मग ती पुसायला मोकळी.

हे आठवून मी रस्त्यातच हसले. लारीवाल्यानं वर बघितलं. दोन केळी जास्तीची घेतली.

तर मला समोरच्या काकू नाहीत, एवढंच दुखणं आहे म्हणायचं. दाखवायचंही नाही आणि कुणी बघितल्याशिवाय राहूही नये. काय पण नखरा!

आज संध्याकाळी अठरावा कुकर घेतला. कागद पावसाळ्यानं फुगलेला, रंग एकीकडे पळत होता, शिटी वाकडी आली. वाकडीच ठेवली. तेवढ्यात वहिनीचा फोन.

"अगं, तुझ्या त्या चित्रांच्या वहीत मी पिकोफॉलवाल्याचा नंबर लिहिलाय बघ. कोरं पान शोधत होते तर मेलं एक मिळेना. शेवटी कोपऱ्यात लिहिला. पाठव ना जरा."

शोधला. अकराव्या कुकरच्या डोक्यावर, बॉलपेननं, ठळक. मी वाफेसाठी सोडलेल्या पांढऱ्या जागेत.

नंतर त्यावर माझ्याच ब्रशचं पाणी सांडलेलं दिसतंय. शेवटचा आकडा एक आहे की सात, काही केल्या कळेना. दोन्ही पाठवलेत.